हळदीत शिजलेला वाडगा

नामाजीचा अंगठा वाडग्याच्या आत गेला आणि तिथंच राहिला. हात लावायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हिंगोली जिल्हा झाल्यापासून जी नवी नवी ऑफिसं उघडली होती, त्यांतल्या एकात तो टेबलाचे पाय बसवायला आला होता. सागाचे चार पाय, स्वतःच्या खरादेवर गरागरा फिरवून काढलेले, कमरेत बारीक आणि खाली गोलसर. पाय बसले होते, टेबल हलत नव्हतं, फरशीवरचा भुसा फडक्यानं टिपून घरी जायचं एवढंच उरलं होतं. तेवढ्यात काचेच्या कपाटावर त्याला तो दिसला. गाठीचा वाडगा. झाडाच्या अंगावर आवाळवासारखी जी गाठ येते, जिच्यात लाकडाच्या रेघा सरळ जायचं सोडून भोवऱ्यासारख्या फिरतात, तसल्या गाठीतून कोरलेला. काठाला झाडाची खडबडीत साल तशीच राखलेली. पुढं पुठ्ठ्याची चिठ्ठी : ‘कारागीर – शिवहार पांचाळ, हिंगोली’. नामाजीनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. शिवहार! औंढा रोडचा वखारवाला शिवहार! ज्याला लाकूड घनफुटात मोजून विकण्यापलीकडं काही येत नाही, ज्यानं जन्मात एक लाटणं धड काढलं नाही, तो कारागीर? आग लागो त्या कारागिरीला.

‘‘अवो मिस्तरी, हात नका लावू. मॅडम वरडतेत,’’ नेमसिंग शिपाई दारातून म्हणाला. पण नामाजीचं बोट बाहेरून आणि अंगठा आतून असे दोघं मिळून वाडग्याच्या काठापासून पोटाकडं निघाले होते, आणि आता त्यांना थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. लाकडाची जाडी अशीच बघायची असते. डोळा फसतो, पट्टी फसते, चिमटीत धरलेलं लाकूड फसवत नाही. काठाशी दोन सूत. खाली पोटात दोन सूत, पाव इंच. वळणावर, जिथं भल्याभल्यांच्या हातून जाड राहतं, तिथंही दोन सूत. त्यानं वाडगा नाकाशी नेला. करडईचं तेल. उजेडाकडं तिरपा केला, आणि मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. कडुलिंबाच्या तपकिरी रेघांच्या फटींतून बारीक पिवळा रंग मुरलेला होता, वरून लावलेला नव्हे, आतून आलेला. हळदीच्या पाण्यात उकळलेल्या लाकडाचा रंग. ही युक्ती आख्ख्या हिंगोलीत दोघांनाच ठाऊक होती, नामाजीला आणि त्याच्या बायकोला. नामाजीनं शिवहारला सांगितली नव्हती.

‘‘बघा बघा, तुमच्याच धंद्यातलं आहे,’’ अंजली मॅडम आत येत म्हणाल्या. पुण्याकडच्या बाई, ऑफिसच्या साहेब, बोलायला गोड. ‘‘असा कलाकार आपल्या जिल्ह्यात आहे, हे तुम्हाला तरी माहीत होतं का मिस्तरी?’’ बाई, गाठीचा वाडगा या मुलखात पहिल्यांदा काढला तो म्या, एक्याण्णव साली, तवा तुमी कालिजात असाल, असं म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच. ‘‘न्हाई बा. आमी पाय करतो टेबलाचे.’’ मॅडम हसल्या, नेमसिंगही हसला. नामाजीनं वाडगा जागेवर ठेवला, पिशवी उचलली आणि जिना उतरताना त्याला कळलं की आपला अंगठा अजून वाकडाच आहे.

एक्याण्णव साली गाठ म्हणजे झाडाचं दुखणं होतं. सुतार तिच्याकडं बघत नसे, वखारवाला ती कापून बाजूला फेकी आणि वीटभट्टीवाला गाडीत टाकून नेई. नामाजीनं तिचा वाडगा काढायचा ठरवला तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तोंडावर सांगितलं, की नामा, रोगट लाकडाला कशाला शिवतो, घरात दुखणं येईल. दुखणं आलं नाही, पण वाडगे तडकले. ओल्या गाठीतून काढलेला वाडगा आठ-पंधरा दिवस शहाण्यासारखा बसायचा आणि एखाद्या दुपारी फटाका फुटल्यासारखा फाटकन उलायचा. असे सहा गेले. सातवा अर्धामुर्धा कोरलेला वाडगा पिशवीत घालून तो पंचफुलाबाईला आणायला कुरुंद्याला गेला, तिच्या माहेरी हळदीचा हंगाम चालू होता, मोठ्या कढईत हळद शिजत होती. पंचफुलाबाईनं त्याच्या हातातून वाडगा घेतला, इकडं तिकडं फिरवला आणि सरळ कढईत सोडून दिला. ‘‘हळद शिजली की तिची रग जाती. ह्याचीबी जाईल. शिजू द्या की.’’ तो ओरडलाच होता तिच्यावर, सगळ्या माहेरच्यांपुढं. दोन तासांनी वाडगा निघाला, सावलीत वाळला, आणि आजवर उलला नाही. घरात फडताळावर आहे, त्यात पंचफुलाबाई सुपारी ठेवते. पुढं वाडगा उलत कसा नाही असं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला नामाजी हळदीचं नाव न काढता एवढंच सांगत आला, की ही आपली युक्ती. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. सांगता सांगता ती त्याची झाली. एकूण अकरा वाडगे त्यानं काढले. नंतर पाळण्याच्या दांड्या, बाजेचे पाय, पोळपाट यांतून सवड झाली नाही. पण गाठीचा माणूस म्हणजे नामाजी, ही गोष्ट त्यानं मनात जपून ठेवली होती, लोकांनी ठेवली नसली तरी.

घरी कुलूप होतं. पंचफुलाबाई महिन्यापासून कुरुंद्यातच होती. दरसाल हळद निघाली की ती भावाकडं, परमेश्वरकडं, जायची, आधी आठ दिवस, मग पंधरा, आणि गेली दोन-तीन वर्षं पुरा हंगाम. ‘‘परमेश्वरला माणसं मिळंनात,’’ असं म्हणायची, आणि नामाजीलाही ते पटायचं, कारण पटवून घेण्यात सोय होती. भाकरी शेजारच्या जमनाबाईकडून यायची आणि दिवसभर खरादेजवळ कुणाची कटकट नसायची. आता त्यानं खाटेवर बसून एकेक बोट दुमडत हिशेब मांडला. शिवहारच्या वखारीचा टेम्पो वसमतकडं जातो. शिवहार पंचफुलेला बघायला गेला होता, नामाजीच्या आधी, लग्नाला आता तेवीस वर्षं होतील. चहा-चिवडा खाऊन आला आणि पोरगी सावळी आहे म्हणून नाही म्हणाला. की तिनंच नाही म्हटलं होतं? हे नामाजीनं कधी विचारलं नव्हतं. लग्नात शिवहार जेवायला आला होता आणि पंगतीत त्यानं बुंदी दोनदा मागून घेतली होती. मागच्या पोळ्याला तो घरी आला, सुपारीचा वाडगा उचलून बघत बसला, आणि पंचफुलाबाई उंबऱ्यात उभी राहून हसत होती. काय हसण्यासारखं होतं? वाडग्यात हसण्यासारखं काय असतं? नामाजीला एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं, जसं मत्सरी माणसाला नेहमी दिसतं, आणि जे दिसलं त्यात दोघंजण कढईच्या वाफेत शेजारी शेजारी उभे होते आणि ती त्याला सांगत होती, शिजू द्या की.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वसमतची एसटी धरली. खिडकीशी बसला. गाडी औंढा रोडला लागली तेव्हा त्यानं मान आधीच वळवून ठेवली, आणि वखार आली तर तिला कुलूप. भर सकाळी, लाकूडफाट्याच्या दिवसांत, शिवहारच्या वखारीला कुलूप! नामाजीच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, ‘‘काय झालं भाऊ, तकलीफ हून राहिली का?’’ तो म्हणाला, ‘‘व्हय, पित्त हाय.’’ म्हातारीनं ओव्याची पुरचुंडी काढून दिली. ओवा चघळत तो बाहेर बघत राहिला, आणि त्याला आठवायला लागले ते पंचफुलाबाईचे हात. चेहरा आठवत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो आणायचा प्रयत्नही केला, पण हातच येत राहिले. वीज दिवसाचे आठ-दहा तास जायला लागली तेव्हा त्यानं वडिलांची जुनी खराद बाहेर काढली होती, चामड्याच्या पट्ट्यावर चालणारी. एकानं पट्टा ओढायचा, दुसऱ्यानं पटाशी धरायची. पट्टा ती ओढायची. समोर बसून, पाय रोवून, तासन्‌तास. आणि तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर कधी नसायचे, पटाशीच्या टोकावर असायचे. त्याला तेव्हा ते बरं वाटायचं. बाई कामात लक्ष देते, असं वाटायचं. एकदा, अठ्ठ्याण्णव साल असेल, ती म्हणाली होती, ‘‘मला एक करू द्या की. एकच.’’ त्यावर तो म्हणाला होता, पटाशीला बाईचा हात लागला की धार पडती, वाडवडलांची म्हण हाय. अशी कुठलीही म्हण नव्हती. ती त्यानं त्याच क्षणी रचली होती, आणि पंचफुलाबाई ‘‘बरं’’ म्हणून पुन्हा पट्टा ओढायला लागली होती. औंढा आलं, गेलं. जवळा बाजारचा फाटा गेला. शेतांतून हळदीचा वास यायला लागला तरी त्याच्या मनात शिवहारचं तोंड आणि बायकोचे हात, एवढंच चालू होतं.

कुरुंद्यात परमेश्वरचं शेत गावाला लागूनच. खळ्यावर शिजलेली हळद पसरली होती, कढईखाली जाळ होता, आणि पत्र्याच्या छपराकडून डिझेल इंजिनाचा ठकठक आवाज येत होता. वाळलेली हळद ढोलात घालून घासायची तर इंजिनावरच ढोल फिरवतात. छपराबाहेर शिवहारचा टेम्पो उभा होता. म्हणजे होतंच. नामाजीला एक प्रकारचं समाधान वाटलं, की आपण चुकलो नाही. शिवहार टेम्पोच्या आडून आला तो नाकाला उपरणं लावून. हळदीच्या धुळीनं त्याला शिंका येत होत्या. पोट सुटलेलं, डोळे लाल, केस गेलेले. याच्यासाठी मी काल जेवलो नाही, असं नामाजीच्या मनात येऊन गेलं.

‘‘या, या नामाजीराव!’’ शिवहार शिंकत म्हणाला. ‘‘बरं झालं बा तुमी आले. मी वैनीला म्हणूनच राहिलो होतो, की आता नवऱ्याला सांगा. माझी पंचाईत हून राहिली इकडं.’’

‘‘कायची पंचाईत?’’

‘‘अवो, त्या मॅडम मला दिल्लीला धाडून राहिल्या! परदर्शन हाय. वाडगं नुसतं ठिवायचं न्हाई, तिथं लोकायसमोर करून दाखवायचं. आता मला कुठं येती खराद? गाठी आणून टाकायच्या अन् झालेले वाडगे नेऊन द्यायचे, एवढंच माझं काम. वैनी म्हणल्या माझं नाव नका लावू, म्हणून माझं लावलं. उद्या जाऊन मॅडमला खरं सांगतो. आता वैनीलाच जाऊ द्या दिल्लीला.’’ आणि तो पुन्हा शिंकला, दोनदा.

नामाजीला शब्द सगळे कळले होते, पण ते कुठं ठेवावेत ते कळेना. तो छपराकडं चालू लागला. आत इंजिनाचा पट्टा ढोलावरून काढून दुसरीकडं चढवला होता, एका खरादेवर. शिवहारच्या वखारीत वर्षानुवर्षं गंजत पडलेली लोखंडी खराद होती ती. आणि तिच्यापुढं पंचफुलाबाई उभी होती. लुगड्याचा ओचा वर खोचलेला, तोंडाला फडकं बांधलेलं, डावा पाय विटेवर. समोर परातीएवढी चिंचेची गाठ फिरत होती, आतून बरीचशी कोरलेली, आणि पटाशीच्या टोकावरून ओल्या लाकडाची लांब सालपटं निघून तिच्या मनगटावर पडत होती. तिनं त्याला पाहिलं. हात थांबवला नाही. ‘‘जरा थांबा,’’ ती म्हणाली. काठ धरलेला आहे, मधे सोडता येत नाही, हे नामाजीला समजत होतं. तेवीस वर्षं तो तिला हेच सांगत आला होता, जेवायला हाक मारायला आली की. तो थांबला. दारात, हातात पिशवी घेऊन, एखाद्या गिऱ्हाइकासारखा.

आणि उभ्या उभ्या त्यानं पाहिलं की तिचं कोपर बरगडीला टेकलेलं आहे, जसं असायला पाहिजे. पटाशी पुढं ढकलत नाही, लाकडाला आपणहून येऊ देते, जसं द्यायला पाहिजे. जिथं गाठीचा डोळा येतो, सालीचा मऊ तुकडा, तिथं हात हलका होतो. हे हलकं होणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या कामातून ते त्याच्यात आलं होतं, आणि तिच्यात ते पट्ट्याच्या दुसऱ्या टोकावरून गेलं होतं. खरं म्हणजे त्याला हायसं वाटायला पाहिजे होतं. बायको शुद्ध होती, शिवहार शिंकरा गाढव होता. पण हायसं वाटेना. त्याला वाटलं, यापेक्षा ते बरं होतं. तसलं काही असतं तर चार माणसं आपल्या बाजूनं बोलली असती, परमेश्वरनं खाली मान घातली असती, आपण मोठ्या मनानं तिला घरी नेलं असतं आणि जन्मभर ते बोलून दाखवलं असतं. आता कुणाला सांगायचं? बायको आपल्यापेक्षा चांगला वाडगा काढती, म्हणून पोटात आग पडली, हे कोणत्या तोंडानं बोलायचं? शिवहारवर जळणं किती सोपं होतं. शिवहार परका होता. ही तर रोज भाकरी वाढणार, रोज समोर बसणार, आणि ती जेव्हा जेव्हा भाकरी थापेल तेव्हा तेव्हा आपल्याला तिची बोटं दिसणार.

इंजिन थांबलं. परमेश्वर धावत पाणी घेऊन आला, ‘‘दाजी, बसा बसा,’’ म्हणाला, खाट टाकली. नामाजी बसला नाही. पंचफुलाबाईनं तोंडाचं फडकं सोडलं. घामानं आणि भुशानं तिचा चेहरा ओळखू येईना, आणि ती घाबरली होती. ते बघून त्याला अंमळ बरं वाटलं.

‘‘चिडलात काय?’’ ती म्हणाली.

‘‘किती दिवसांपासून?’’

‘‘हा चौथा हंगाम. सांगनार होते. पर सांगायला गेलं की ती म्हण आठवायची.’’ ती हसली नाही, टोमणाही नव्हता त्यात. खरंच तसं झालं होतं. ‘‘धार काई पडली न्हाई बघा. रोज लावते.’’

ती हात लुगड्याला पुसत पुढं बोलत गेली. ‘‘शिवहारभाऊ दिल्लीचं म्हणतेत. मला कायचं दिल्ली न् फिल्ली. पर वाटतं जावं. आपलं नाव सांगावं. पंचफुलाबाई नामाजी असं लिहितेत म्हणे, दोघांचंबी येतं त्यात. पर म्या ठरविलंय, हा चिंचेचा वाडगा तुमाला दावायचा. तुमी बराबर हाय म्हणलं तर जाईन. न्हाई म्हणलं तर पटाशी ठिवून देते, तुमची शपथ. लोकं काय, कायलाबी छान म्हणतेत. मॅडम तर कढईलाबी छान म्हणतील. तुमी गाठीचे मानूस.’’

गाठीचे माणूस. हे तिनं म्हटलं, जे तेरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि नेमकं आज, इथं, असं. तो खरादेजवळ गेला. ‘‘दाव,’’ म्हणाला. वाडगा खरादेवरच होता. त्यानं बोट बाहेरून लावलं, अंगठा आतून. काठाशी दोन सूत. अंगठा खाली उतरत गेला, हळूहळू, घाई न करता, आणि नामाजी अक्षरशः देवाची करुणा भाकत होता, की कुठंतरी जाड लागू दे, कुठंतरी लाट लागू दे, वळणावर तरी. वळणावर लागलं नाही. पोट लोण्यासारखं होतं. चिंचेचं लाकूड, हरामी लाकूड, पोलादाची धार खाऊन टाकणारं, त्याच्या आतून काळा गाभा मधोमध आलेला, ढगातून निघालेल्या किरणांसारख्या रेघा चहूबाजूंनी पळत काठाकडं गेलेल्या. पोटात एका जागी बाहेरच्या बोटाला मऊ लागलं. गाठीचा डोळा होता तिथं, सालीचा, आत झाकलेला. तिनं तो ओळखून बरोब्बर दोन सूत जागा सोडली होती. एवढ्यावर वाडगा जन्मभर टिकला असता. यातलं आणखी सूतभर काढलं तर तो डोळा उघडणार आणि वाडगा फुटणार, यात नामाजीला तिळमात्र शंका नव्हती. त्याच्या अकरा वाडग्यांत असा एकही नव्हता. ते त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचं त्याच्या तोंडावर दिसेल म्हणून त्यानं मान खाली घातली.

‘‘पोट जाड हाय,’’ तो म्हणाला.

पंचफुलाबाईनं वाडग्याकडं बघितलं.

‘‘सूतभर आनखी काढ. दिल्लीचे लोक हात घालून बघतेत. हसतील.’’

ती त्याच्याकडं बघत राहिली. नंतर स्वतःचा हात तिनं वाडग्यात घातला, अंगठा आतून, बोट बाहेरून, आणि त्या मऊ जागेवर थोडा वेळ ठेवला. ‘‘सूतभर?’’ तिनं विचारलं. ‘‘सूतभर,’’ तो म्हणाला. ‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि तिनं फडकं तोंडाला बांधलं. परमेश्वरनं इंजिनाला हँडल मारलं. पट्टा फडफडला, वाडगा फिरायला लागला, आणि तिनं पटाशी टेकवली.

लाकूड पातळ होत जातं तसा त्याचा आवाज वर चढतो. हे कानाला कळायला वर्षं लागतात, पण एकदा कळलं की झोपेतही कळतं. पहिला फेरा झाला, आवाज थोडा चढला. दुसऱ्या फेऱ्याला आणखी. नामाजी तिच्या उजव्या हाताला उभा होता, हात पाठीमागं बांधून. बस म्हणावं. अजून म्हणता येतं. आता म्हटलं तर वाडगा वाचतो, आणि आपणही. तिनं पटाशी उचलली, पुन्हा काठाशी आणली, आणि या वेळी, का कोण जाणे, फार सावकाश निघाली. पटाशी इतकी हळू चालली होती की एखादा माणूस मधे पाणी पिऊन आला असता. आवाज शिट्टीसारखा बारीक झाला. तुकडा उडाला तर तिच्या तोंडावर बसेल, असंही त्याच्या मनात आलं. त्यानं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटलेली होती, आणि त्या चिकटलेल्या जिभेमागून एक आनंद वर येत होता, घाणेरडा, गरम, ओळखीचा. तो काही बोलला नाही. फाडकन आवाज झाला, पटाशी उसळली, वाडग्याच्या पोटातला तळहाताएवढा तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला आणि परमेश्वर ‘‘अगं आई!’’ म्हणून खाली बसला.

इंजिन बंद झाल्यावर छपरात फार शांत वाटायला लागलं. बाहेर कढईखालचा जाळ तेवढा फुरफुरत होता. पंचफुलाबाईला लागलं नव्हतं. तिनं पटाशी पुसली, जागेवर ठेवली, आणि फुटक्या वाडग्याकडं न बघता म्हणाली, ‘‘पोट जाड नव्हतं.’’

‘‘काय?’’

‘‘मलाबी अंगठा हाय. दोन सूत होतं, बराबर. डोळा कुठं हाय तेबी मला ठाऊक होतं.’’

‘‘मग काढलं काहून?’’ नामाजीचा आवाज चढला. त्याला खरंच राग आला होता, एवढं लाकूड! ‘‘ठाऊक होतं तर काहून काढलं?’’

‘‘तुमी बस म्हणता का, ते बघून राहिले होते,’’ पंचफुलाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्याला काहीतरी करता आलं असतं. ‘‘लई हळू काढलं, तुमाला सवड मिळावी म्हणून.’’

परमेश्वर एकदा दाजीकडं, एकदा बहिणीकडं बघत होता आणि त्याला काही उमगत नव्हतं. शिवहार शिंकत दाराशी आला, तुकडा उचलून बघायला लागला आणि म्हणाला, ‘‘अरारा, काय झालं हे?’’ ‘‘काई न्हाई,’’ पंचफुलाबाई म्हणाली. ‘‘फुटला.’’ ती खरादेवरून वाडगा सोडवायला लागली.

‘‘चांगला झाला होता,’’ नामाजी म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून कसे निघाले ते त्यालाच कळलं नाही, आणि खरे होते म्हणून ते ऐकायला आणखीच वाईट लागले.

‘‘ठाऊक हाय मला,’’ ती म्हणाली. फुटका वाडगा तिनं कढईच्या जळणावर नेऊन टाकला, चुलीजवळ वाकून, तोंड वाफेपासून वळवून. मग भावाला म्हणाली, ‘‘परमेश्वर, तुझ्या दाजीला चहा टाक. अन् दुपारच्या गाडीला फाट्यावर सोडून ये. मी न्हाई येत आता. दिल्लीहून आल्यावर बघू.’’ शपथेचं तिनं नाव काढलं नाही, आणि तिला आठवण करून देण्याचं धाडस नामाजीला झालं नाही.

तो खाटेवर बसला. परमेश्वरनं चहा आणून दिला, कपाच्या कानाला हळद लागलेली. समोर छपराच्या कडेला शिवहारनं सकाळी आणून टाकलेल्या गाठी पडल्या होत्या, दहा-बारा, लिंबाच्या, बाभळीच्या, एक मोठी शिसवाची. पंचफुलाबाई त्यांच्यापाशी उकिडवी बसली. एकेक गाठ फिरवून बघायला लागली, बोटाच्या पेरानं ठोकून. शिसवाची देखणी होती. दुसऱ्या कुणीही तीच उचलली असती. तिनं ती बाजूला सारली आणि तिच्या मागची लहानशी बाभळीची काढली, बेढब, काळी, एका अंगाला चपटी. नामाजीनं इतक्या लांबूनही पाहिलं होतं की हीच खरी आहे. त्यानंही हीच उचलली असती. ती गाठ मांडीवर घेऊन पंचफुलाबाई खडूनं मध्य काढायला लागली, आणि नामाजी चहाचा कप दोन्ही हातांत धरून, तिच्या खाली झुकलेल्या मानेकडं बघत, मनातल्या मनात सगळा जीव एकवटून म्हणत राहिला, आतून कुजकी निघू दे, देवा, आतून कुजकी निघू दे.